संस्थानातून खालसात

माझी आजी स्वतःच्या लग्नाविषयी बोलताना एक वाक्य नेहमी त्याच शब्दांत सांगत असे : "मी संस्थानातनं खालसात आले." तिचे माहेर कुंडलजवळचे आणि सासर तासगावच्या बाजूचे, दोन्ही आजच्या सांगली जिल्ह्यातली. दोन्ही गावांत अंतर फार तर वीस-पंचवीस किलोमीटरचे. पीकपाणी तेच, बोली तीच, देवही बहुतेक तेच. तरीही आपण एक मुलूख सोडून दुसऱ्या मुलुखात नांदायला आलो, ही भावना तिच्या मनातून शेवटपर्यंत गेली नाही. वऱ्हाडाच्या बैलगाड्या नाक्यावर थांबवल्या होत्या आणि रुखवताच्या भांड्यांची ट्रंक उघडून दाखवावी लागली होती, ही आठवण ती सांगे तेव्हा त्या शिपायाच्या पट्ट्याचा रंगसुद्धा तिला आठवत असे.

खालसा या शब्दाचा अर्थ मला पुष्कळ उशिरा कळला. जो मुलूख कोणा संस्थानिकाकडे न राहता सरकारजमा झाला, म्हणजे थेट इंग्रजांच्या अमलाखाली गेला, तो खालसा. कुंडल हे औंधच्या पंतप्रतिनिधींचे गाव होते. तासगाव एकेकाळी पटवर्धनांच्या एका शाखेचे होते; ती शाखा १८४८ मध्ये खालसा झाली आणि तासगाव इंग्रजांच्या सातारा जिल्ह्याच्या कारभारात गेले. आजीच्या जन्माच्या कितीतरी आधी घडलेल्या या गोष्टीमुळे तिचे माहेर आणि सासर यांच्यामध्ये एक हद्द उभी राहिली होती. सांगली, मिरज, कुरुंदवाड, बुधगाव, औंध, जत, जमखंडी या सगळ्या टापूत अशा हद्दी इतक्या होत्या की, पूर्वीच्या नकाशावर बोट ठेवून सरळ रेषेत पंचवीस मैल जायचे म्हटले तरी तीन-चार राज्ये ओलांडावी लागत. आज त्या हद्दी कोणाला दिसत नाहीत. मला मात्र या भागातील गावांचा स्वभाव त्या हद्दींशिवाय समजत नाही, आणि म्हणूनच हे सविस्तर लिहीत आहे.

पटवर्धनांचे मूळ पुरुष हरभट हे कोकणातील कोतवड्याचे. इचलकरंजीच्या घोरपड्यांचे ते उपाध्ये होते. त्यांच्या मुलानातवांनी पेशव्यांच्या फौजेत तलवार गाजवली आणि थोरल्या माधवरावांच्या कारकिर्दीत या घराण्याला मोठा सरंजाम मिळाला. कृष्णेच्या खोऱ्यापासून धारवाडच्या पुढपर्यंत पसरलेला हा मुलूख सलग नव्हताच. फौजेच्या खर्चासाठी जिथले महाल, म्हणजे महसुली परगणे, मोकळे होते तिथले नेमून दिलेले होते. पुढे घरात वाटण्या सुरू झाल्या. मिरजेचे गंगाधरराव आणि त्यांचे पुतणे चिंतामणराव आप्पासाहेब यांचे पटेनासे झाले. आप्पासाहेबांनी १८०१ च्या सुमारास आपल्या आराध्यदैवताची, म्हणजे गणपतीची, मूर्ती घेऊन मिरज सोडली आणि कृष्णेकाठच्या सांगली नावाच्या लहानशा गावात आपली गादी मांडली. सहा गल्ल्यांचे गाव म्हणून सांगली, अशी व्युत्पत्ती लोक सांगतात. ती खरी असो वा नसो, त्या गावाचा आकार केवढा होता हे तिच्यातून नीट कळते.

एकदा वाटणीची वाट पडली की ती थांबत नाही. याच घराण्यातील परशुरामभाऊंच्या मागे त्यांच्या शाखेतून तासगाव आणि जमखंडी वेगळ्या झाल्या. १८२० मध्ये मिरजेचेच चार वाटे झाले. त्यांतील दोन वारस नसल्यामुळे १८४२ आणि १८४५ मध्ये खालसा झाले आणि उरलेले दोन मिरज थोरली पाती आणि मिरज धाकटी पाती या नावांनी चालू राहिले. धाकट्या पातीने आपली राजधानी बुधगावला नेली. कुरुंदवाडचीही अशीच थोरली आणि धाकटी पाती झाली. पाती, म्हणजे वाटा, हा शब्द मला फार बोलका वाटतो, कारण तो आजही आमच्याकडे शेतीच्या वाटणीत त्याच अर्थाने चालतो. सांगली, मिरज, बुधगाव आणि कुरुंदवाड ही चारही गावे धडधाकट माणसाने एका दिवसात पायी फिरून यावे इतकी जवळ आहेत, आणि एवढ्याशा जागेत पाच गाद्या नांदत होत्या.

मात्र राजधान्या जवळजवळ असल्या तरी त्यांच्या हाताखालची गावे फार लांबवर विखुरलेली होती. सांगली संस्थानाचे सहा तालुके असे होते : मिरज प्रांत, कुची, मंगळवेढे, तेरदाळ, शहापूर आणि शिरहट्टी. यांतील मंगळवेढे भीमेच्या बाजूला, सांगलीपासून शंभर किलोमीटरहून जास्त दूर. तेरदाळ कृष्णेच्या खालच्या अंगाला. शहापूर थेट बेळगावच्या वेशीला चिकटलेले. आणि शिरहट्टी तर गदगच्याही पुढे. शिरहट्टीपासून जवळच असलेले लक्ष्मेश्वर मिरज थोरल्या पातीचे होते, त्याच पट्ट्यातील गुडगेरी धाकट्या पातीचे होते आणि हुबळीजवळचे कुंदगोळ जमखंडीकरांचे होते. म्हणजे कृष्णाकाठची भाऊबंदकी दोन-अडीचशे किलोमीटर दक्षिणेला, कानडी मुलुखात, पुन्हा शेजारी शेजारी येऊन बसली होती.

हे असे का झाले असावे, याचे माझे उत्तर शेतकऱ्याच्या घरातले आहे. आमच्याकडे चार भावांची वाटणी होते तेव्हा एकाला मळा, दुसऱ्याला माळ, तिसऱ्याला विहीर असे कोणी करत नाही. मळ्याचे चार तुकडे होतात, माळाचे चार होतात, आणि विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या ठरतात. न्याय होतो, पण शेत उरत नाही. संस्थानांचे तेच झाले. काळ्या कसदार जमिनीचा प्रत्येक पट्टा प्रत्येक शाखेला हवा होता आणि तो प्रत्येकाला मिळाला. त्याची किंमत कोणी दिली, तर राजधानीपासून दूर असलेल्या गावांनी. शिरहट्टीच्या कुळाला दरबारात दाद मागायची तर मध्ये कितीतरी मैलांचा परका मुलूख. औंधचेही हेच : संस्थान अवघे बहात्तर गावांचे, पण औंध एकीकडे, आटपाडी दुसरीकडे, कुंडल तिसरीकडे आणि गुणदाळ तर विजापूरच्या बाजूला. आजीच्या गावाहून औंधला जायचे म्हणजे "राजाच्या गावाला" जायचे, आणि तो प्रवास वर्षातून एकदा यमाईच्या जत्रेच्या निमित्ताने झाला तर झाला.

त्या काळात गाव कोणाच्या हद्दीत पडले आहे यावर मुलांचे शिक्षणही ठरत असे. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ रोजी मागासलेल्या वर्गांसाठी नोकऱ्यांत पन्नास टक्के जागा राखून ठेवल्या आणि १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले. शिरोळ कोल्हापूरचे होते आणि त्याच्या कुशीतले कुरुंदवाड वेगळ्या राज्याचे. शेजारच्या दोन शिवारांतील दोन मुलांपैकी एकाला महाराजांचा हुकूम लागू आणि दुसऱ्याला नाही. शेजारच्या राज्यांतही शाळा होत्या, चांगल्या होत्या, हे मी नाकारत नाही. पण राजा कसा निघेल यावर एका गावाच्या तीन पिढ्यांचे नशीब टांगलेले असावे, ही गोष्ट मला अस्वस्थ करते. जुन्या संस्थानी काळाविषयी हळवे होऊन बोलणाऱ्यांशी माझा मतभेद इथे आहे.

आणि तरीही जे उभे राहिले ते डोळ्यांआड करता येत नाही. एवढ्याशा टापूत इतक्या राजधान्या असल्यामुळे प्रत्येक गावाला स्वतःचे मंदिर, वाडा, ग्रंथालय, शाळा, पेठ आणि गवई मिळाले. सांगलीत १८४३ मध्ये चिंतामणराव आप्पासाहेबांच्या आश्रयाने विष्णुदास भावे यांनी मराठी रंगभूमीचा पहिला प्रयोग केला. हेच आप्पासाहेब इंग्रजांची चाकरी करायला राजी नव्हते. फौजेनिशी हजर राहण्याऐवजी त्यांनी काही मुलूख सोडून दिला. तासगावात परशुरामभाऊंनी दक्षिणेतल्यासारखे गोपुर असलेले गणपतीचे देऊळ बांधले, आणि आजही तासगावचा रथ ओढायला पंचक्रोशी लोटते. इचलकरंजी कोल्हापूरच्या ताब्यातील जहागीर. तिथे नारायणराव बाबासाहेब घोरपड्यांच्या काळात, १९०४ मध्ये, विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग बसवला आणि त्या एका मागापासून आजचे गाव विणले गेले. औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांना कुंडल रोड स्टेशनजवळची निवडुंगाने माजलेली ओसाड जमीन दिली. बेळगाव सोडून आलेल्या त्या कारखान्याभोवती किर्लोस्करवाडी वसली. माझ्या आजीच्या माहेरचे पुरुष शेती सांभाळून त्या कारखान्यात कामाला जात. नांगराचा फाळ कारखान्यातून सुटून प्रथम आमच्या शिवारात येतो, असे ते अभिमानाने सांगत.

संगीताच्या बाबतीत तर हद्दींना काही अर्थच नव्हता. विष्णु दिगंबर पलुस्कर १८७२ मध्ये कुरुंदवाडला जन्मले. लहानपणी दारूच्या आतषबाजीत त्यांचे डोळे अधू झाले, शिक्षण खुंटले, आणि मिरजेच्या अधिपतींच्या आश्रयाने ते बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणे शिकले. एका राज्यात जन्म, दुसऱ्या राज्यात शिक्षण, आणि गुरूच्या नावात तिसऱ्या गावाचे नाव. पुढे त्यांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. उत्तरेतून आलेले अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत राहिले. १९३७ मध्ये ते वारले तेव्हा त्यांना मिरजेच्या दर्ग्याच्या आवारात दफन केले आणि उरुसात तिथे आजही गवई हजेरी लावतात. त्यांचे शिष्य सवाई गंधर्व हे कुंदगोळचे, म्हणजे धारवाडकडच्या जमखंडी मुलुखातले. कुंदगोळ आणि मिरज यांना जोडणारा धागा गाण्याचा होता, आणि त्याला कोणत्याही नाक्यावर जकात द्यावी लागली नाही.

मिरजेतल्या सतारमेकरांच्या गल्लीत मी मुद्दाम जाऊन बसत असतो. दुकानाच्या आढ्याला वाळलेले भोपळे टांगलेले असतात, एकाहून एक मोठे, धुळीने राखाडी झालेले. कारागीर त्यातला एक खाली काढतो, बोटांच्या मागच्या बाजूने टकटक करून ऐकतो आणि पुन्हा टांगतो किंवा मांडीवर घेतो. हे भोपळे मिरजेला पिकत नाहीत. ते पंढरपूर-मंगळवेढे भागातून, भीमेच्या काठावरून येतात. भोपळा उभा राहावा, त्याचा घेर वाकडा होऊ नये म्हणून शेतकरी तो वेलावर असतानाच त्याची निगा राखतो, हे मला एका म्हाताऱ्या कारागिराने सांगितले. मंगळवेढे सांगलीचे आणि मिरज पटवर्धनांच्या दुसऱ्या पातीचे. दरबारांत वैर असताना भोपळा मात्र इकडून तिकडे येत होता आणि त्याचा तंबोरा होऊन पुन्हा सगळीकडे जात होता. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले तेव्हा मला त्या टकटक करून ऐकणाऱ्या बोटांची आठवण झाली.

रेल्वेने या सगळ्या पसाऱ्याला एक नवे केंद्र दिले. पुण्याहून बेळगावकडे जाणारा मीटरगेज मार्ग मिरजेवरून गेला, १८९१ मध्ये मिरज ते कोल्हापूर असा कोल्हापूर संस्थानाचा फाटा निघाला, आणि सांगली मात्र मुख्य मार्गाच्या बाजूला राहिली. मग सांगली संस्थानाने १९०७ मध्ये मिरजेपर्यंतचा चार-पाच मैलांचा आपला स्वतंत्र फाटा टाकला. १९२७ मध्ये बार्शी लाइट रेल्वेची छोटी गाडीही मिरजेला येऊन मिळाली. पुढे ब्रॉडगेज आल्यावर मिरज जंक्शनात काही काळ तिन्ही रुंदीचे रूळ शेजारी शेजारी होते. पंढरीच्या वारीला छोट्या गाडीने निघालेली माझी आजी मिरजेच्या फलाटावर उतरली की "आता आपण मिरजकरांच्या राज्यात" असे म्हणे, आणि तेव्हा ते राज्य जाऊन तीस वर्षे झाली होती.

एकोणिसशे बेचाळीसनंतरच्या दिवसांत हद्दींनी एक वेगळेच काम केले. नाना पाटलांच्या प्रतिसरकारचे, म्हणजे इंग्रजांविरुद्ध उभारलेल्या समांतर सरकारचे, मोठे ठाणे कुंडल होते, आणि त्याच्या तुफान सेनेचे जी. डी. लाड हे कुंडलचेच. खालसातल्या पोलिसांना संस्थानी हद्दीत थेट हात घालणे तितके सोपे नव्हते, आणि औंधचे राजेसाहेब स्वतःच स्वराज्याच्या बाजूचे होते. त्यांनी महात्मा गांधींच्या सल्ल्याने २१ जानेवारी १९३९ रोजी आपल्या संस्थानाचा कारभार राज्यघटना करून प्रजेच्या हाती दिला होता. त्याच सुमारास आटपाडीच्या बाजूला स्वतंत्रपूर ही कैद्यांची खुली वसाहत सुरू झाली. भिंत नाही, गज नाही, कैदी कुटुंबासह राहून शेती करतात, असा तो प्रयोग होता आणि ती वसाहत आजही आहे. राजाने स्वतः सत्ता सोडून गावच्या पंचायतीकडे सोपवावी, हे या सगळ्या भागात घडलेले मला सर्वांत मोलाचे वाटते. त्या दिवसांत माझे पणजोबा गावच्या पंचायतीवर होते. चावडीत सर्वांबरोबर घोंगडीवर बसून निवाडा करायचा, हे त्यांना फार मोठे वाटत असे.

तिकडे सांगलीत चिंतामणरावांचा गणेशदुर्ग हा किल्ला संस्थानाचा तुरुंग झाला होता. २४ जुलै १९४३ रोजी वसंतदादा पाटील आणि त्यांचे सोबती तटावरून खंदकात उड्या टाकून तिथून निसटले. नदीच्या बाजूला पाठलाग झाला. अण्णासाहेब पत्रावळे आणि बाबूराव जाधव त्यात हुतात्मा झाले आणि दादांना गोळी लागून ते पकडले गेले. आज त्याच किल्ल्याच्या परिसरात सरकारी कचेऱ्या आहेत. खंदकाची जागा पाहायची तर कोणा जाणत्या सांगलीकराला सोबत घ्यावे लागते.

स्वातंत्र्य आल्यावर दक्षिणेतील काही संस्थानिकांनी आपापली राज्ये एकत्र करून एक संघ उभारण्याचा प्रयत्न केला, पण तो फार काळ टिकला नाही. ८ मार्च १९४८ रोजी ही संस्थाने मुंबई प्रांतात विलीन झाली. कोल्हापूर १ मार्च १९४९ रोजी आले. १९४९ मध्ये जुन्या सातारा जिल्ह्याचा दक्षिणेकडील भाग आणि या संस्थानांचे तुकडे शिवून दक्षिण सातारा जिल्हा तयार झाला आणि १९६० मध्ये त्याचे नाव सांगली ठेवले गेले. आपला जिल्हा कसा घडला, असे शाळेत मला कोणी विचारले असते तर मी गोधडीचे उदाहरण दिले असते. आमच्या घरी आजीच्या हातची जी गोधडी आहे तिच्यात नऊवारीचे, धोतराचे आणि पोरांच्या झबल्यांचे तुकडे आहेत, आणि प्रत्येक तुकडा कोणाचा हे ती बोट ठेवून सांगत असे.

पण सगळे तुकडे या गोधडीत आले नाहीत. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत जमखंडी, तेरदाळ, शिरहट्टी, लक्ष्मेश्वर, गुडगेरी, कुंदगोळ आणि बेळगावसह शहापूर तेव्हाच्या म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, गेले. मंगळवेढे सोलापूर जिल्ह्यात राहिले. एका सांगली संस्थानाची गावे आज दोन राज्यांत आणि निदान पाच जिल्ह्यांत आहेत. बेळगावला गेलो की मी शहापुरातून चक्कर मारतो. तिथल्या शाळेला अजून चिंतामणरावांचे नाव आहे. आजूबाजूचे लोक कानडी आणि मराठी दोन्ही सहज बोलतात, सराफ कट्ट्यावर भाव मराठीत सांगितला जातो, आणि हे चिंतामणराव कोण, असे मी एका तरुण दुकानदाराला विचारले तेव्हा त्याने थोडा विचार करून "सांगलीचे कोणीतरी" असे उत्तर दिले. मला त्याचा राग आला नाही. सांगलीतल्या तितक्याच वयाच्या मुलाला शहापूर कुठे आहे असे विचारले तर तोही गोंधळेल. सीमेचा प्रश्न न्यायालयात आहे आणि तिथे तो त्याच्या गतीने चालेल; पण दोन गावांना एकमेकांची ओळखच न राहणे ही गोष्ट कोणत्याही निकालाने भरून येणारी नाही, आणि ती आपल्याला आजही हातात घेता येण्यासारखी आहे. सांगलीच्या शाळांनी सहली न्यायच्या तर शिरहट्टीला आणि लक्ष्मेश्वरला न्याव्यात, असे मला मनापासून वाटते.

मिरज आणि सांगली मात्र शेवटी एका घरात आल्या. १९१९ मध्ये विलिंग्डन महाविद्यालय दोन्ही गावांच्या मधल्या माळावर उभे राहिले, आणि पुढे त्याच बाजूने दोन्हीकडची वस्ती वाढत गेली. १९९८ मध्ये सांगली, मिरज आणि कुपवाड मिळून एक महानगरपालिका झाली. ज्या गावांची वाटणी होताना देव वेगळे झाले होते, त्या गावांची आता घरपट्टी एका ठिकाणी भरली जाते. तरीही मिरजेच्या माणसाला सांगलीकर म्हणून पाहा. तो तुम्हाला लगेच दुरुस्त करील.

हे सर्व इतक्या बारकाईने माझ्या मनात घोळायला लागले ते एका कामामुळे. दोन वर्षांपूर्वी आजीच्या माहेरच्या एका मुलीला जात पडताळणीसाठी १९६७ पूर्वीचा पुरावा हवा होता. मला थोडी मोडी वाचता येते म्हणून तिच्या वडिलांनी मला सोबत घेतले. गाव आज पलूस तालुक्यात, सांगली जिल्ह्यात. त्याआधी ते दुसऱ्या तालुक्यात होते. त्याआधी जिल्ह्याचे नाव दक्षिण सातारा होते. आणि त्याही आधी ते औंध संस्थानाच्या कुंडल तालुक्यात होते. आम्ही ज्या कचेरीत गेलो तिथे सांगितले गेले की संस्थानी दप्तर इकडे आलेलेच नाही. दुसऱ्या कचेरीत म्हणाले, तुमचे गाव आमच्या जिल्ह्यात नाही, मग दप्तर इथे कसे असेल? तिसरीकडे रुमाल, म्हणजे कापडात बांधलेली जुन्या कागदांची गाठोडी, होते, पण त्यांच्यावरची गावांची नावे कोणाला लागत नव्हती. त्या मुलीचे वडील दर वेळी तोच अर्ज नव्याने लिहीत होते आणि दर वेळी गावाच्या पुढे जिल्हा कोणता लिहायचा म्हणून माझ्याकडे पाहत होते. तेव्हा मला कळले की, हद्द पुसली तरी तिच्यामुळे दप्तर जिथे गेले तिथेच ते राहते, आणि त्याचा भुर्दंड ज्याच्या घरी कागद जपलेला नाही त्याला पडतो. विलीनीकरणाला पाऊण शतक होऊन गेल्यावर तरी संस्थानांच्या गावांची एक साधी यादी, कोणते गाव तेव्हा कोणाकडे होते आणि त्याचे दप्तर आज कुठे आहे एवढी माहिती देणारी, प्रत्येक तहसील कचेरीच्या भिंतीवर असायला हवी.

शेवटी कागद मिळाला तो गावच्याच शाळेत. मुख्याध्यापकांनी लोखंडी कपाटाच्या तळातून दाखलखारीज नोंदवही काढली. पुठ्ठ्याला कसर लागलेली, पाने कडांनी तपकिरी झालेली. आम्हाला हवी होती ती नोंद चाळीस साली नाव घातलेल्या मुलाची होती, म्हणजे माझ्या आजीच्या सर्वांत धाकट्या भावाची. नाव, जात, जन्मगाव, सगळे स्वच्छ बोरूच्या अक्षरात. मुलीच्या वडिलांनी ते वाचून डोळे पुसले आणि प्रत काढायला कुठे जायचे याची चौकशी सुरू केली. मी ती वही पुढे चाळत राहिलो. प्रत्येक पानाच्या माथ्यावर गाव, तालुका आणि संस्थान असे तीन रकाने छापलेले होते, आणि तिसऱ्या रकान्यात दर पानावर औंध असे लिहिलेले होते. अठ्ठेचाळीसच्या उन्हाळ्यानंतर मास्तरांनी वही बदललेली नव्हती. त्यांनी संस्थान या छापील शब्दावर पट्टी ठेवून एक सरळ रेघ मारली होती आणि वर बारीक अक्षरात जिल्हा असे लिहिले होते. खालची जागा पुढची बरीच पाने कोरीच होती.